परळ, दादर, वडाळा: मोठ्या माणसाला वाचायला कसं शिकवायचं

आपल्या ओळखीत एखादी तरी मावशी, काका, वॉचमन, नाहीतर घरातलीच आजी असते जिला लिहिता-वाचता येत नाही, आणि आपल्याला ते बरेचदा माहीतच नसतं कारण ती सही करते. सही अगदी झोकात करते. पण सही म्हणजे साक्षरता नव्हे हो, बऱ्याच जणांनी ती चित्रासारखी पाठ केलेली असते, त्यातलं एक अक्षर वेगळं काढून विचारलं तर सांगता येत नाही. त्यामुळे कोणाला वाचता येतं का हे बघायचं असेल तर सही करायला लावू नका आणि पुस्तकही देऊ नका. त्या माणसाने आधी न पाहिलेला एखादा रोजच्यातला कागद द्या, लाईट बिल, सोसायटीची नोटीस, शाळेचं पत्रक, आणि "वाचा" न म्हणता विचारा "यात काय करायला सांगितलंय?" उत्तर देता आलं तर येतं वाचता.

जनगणनेतली व्याख्या पण खरं तर हेच सांगते. ७ वर्षं आणि त्यापुढचा माणूस, कुठल्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकला की तो साक्षर, शाळा शिकलेला असायलाच हवा असं नाही. पण जनगणनेवाला काही परीक्षा घेत नाही ना, तो दारात उभा राहून घरातल्या एकाला विचारतो आणि तो एक जण सगळ्यांच्या वतीने "हो हो येतं" म्हणून टाकतो. एवढी ढिली मोजणी असूनसुद्धा २०११ ला महाराष्ट्र ८२ टक्क्यांवर होता आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे ८९ च्या आसपास. म्हणजे इतक्या मोठ्या शहरात साधारण दहातला एक माणूस "येत नाही" असं सांगणारा, आणि नुसत्या सहीवर तरलेले वेगळेच.

हे लोक ओळखायचे कसे तर काही वाक्यं आहेत. "चष्मा घरी राहिला", "तूच वाच गं, मी ऐकते", "मला घाई आहे, नंतर बघते". व्हॉट्सॲपवर फक्त व्हॉइस मेसेज येतात, टाइप केलेलं कधीच नाही. मोबाईलमधल्या प्रत्येक नंबरला फोटो लावलेला असतो, नाव कोणीतरी दुसऱ्याने टाकलेलं. बसस्टॉपवर नेहमी विचारणार "ही कुठली हो?" यात लाज खूप असते आणि वर्षानुवर्षं लपवून लपवून त्याची हुशारी पण तयार झालेली असते, तर कृपा करून चारचौघात "मावशी तुम्हाला वाचता येत नाही का?" असं काढू नका. एकटं असताना, चहा पिताना विचारा, आणि "मी तुम्हाला शिकवते" हे वाक्य तर नकोच, त्याने माणूस लगेच पहिलीच्या बाकावर जाऊन बसतो. त्यापेक्षा विचारा "असा कुठला कागद आहे जो तुम्हाला कोणाला न विचारता वाचावासा वाटतो?"

या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं, पुढचं सगळं त्यावर ठरतं. मला मिळालेली उत्तरं म्हणजे बसचा नंबर, भिशीची वही, नातवाच्या शाळेच्या ग्रुपवर काय आलंय ते, गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते, एका आजींना देवघरातल्या पोथीची पानं नुसती उलटायची नव्हती, वाचायची होती. "नोकरी पाहिजे म्हणून" असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही, सगळ्यांना फक्त दुसऱ्यापुढे कागद धरून उभं राहायचा कंटाळा आलेला असतो.

आणि धोकाही तिथेच आहे. जो कागद वाचून दाखवतो त्याच्या हातात सगळं जातं. मुंबईत तर बघा, झोपडपट्टी पुनर्वसनाचं संमतीपत्र, बचत गटाच्या कर्जाचे फॉर्म, भाड्याचा करार, सगळीकडे "इथे अंगठा द्या". कशावर दिला हे दोन वर्षांनी कळतं. अंगठ्यावर खातं असलं तर बहुतेक बँका चेकबुक देत नाहीत, पैसे काढायला स्वतः हजर राहावं लागतं. मतदानाचंच बघा, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिलं, प्रत्येकाची पेटी पण वेगळी ठेवली, म्हणजे न वाचता मत देता आलं. भारी डोकं लावलेलं होतं त्यात. पण कर्जाच्या फॉर्मवर कोणी चिन्हं छापत नाही.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी डोळे. चाळिशी पार केलेल्या माणसाला जवळचं धूसर दिसतं आणि ज्याने कधी वाचलंच नाही त्याला ते कळलेलंच नसतं, सुईत दोरा ओवायला मुलीला सांगते एवढंच. मग तुम्ही अक्षरं शिकवत बसता आणि तिला वाटतं आपलं डोकंच चालत नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात डोळे तपासून घ्या, चष्मा लागला तर करा, मगच वही उघडा. हे मी आधी सांगतेय कारण लोक हेच शेवटी करतात.

मग आकडे. मोठ्या माणसाला पैशाचा हिशोब येतोच, तुमच्यापेक्षा बरा येतो, फक्त आकडा ओळखायचा असतो. पण मुंबईत दोन प्रकारचे आकडे आहेत हे लक्षात ठेवा. मोबाईल, दुकानातल्या किमती, लिफ्ट हे सगळं इंग्रजी आकड्यांत, आणि बेस्टच्या बसवर पुढे मात्र नंबर आपल्या आकड्यांत. (इंग्लिश मीडियमची कॉलेजातली पोरं पण बसचा नंबर वाचू शकत नाहीत, ॲप उघडतात, तेव्हा निरक्षर कोणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.) दोन्ही एकदम शिकवू नका, कारण आपला ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा, फार घोळ होतो. आधी मोबाईलवाले, ते पक्के झाले की मग बसवाले. जिला बसचाच नंबर हवाय तिला उलटं.

आता अक्षरं. इथे बहुतेक जण अ आ इ ई पासून सुरू करतात आणि तिथेच गाडी अडते. पन्नाशीच्या बाईला "अ अननसाचा" म्हणायला लावणं मला तरी बरं वाटत नाही, आणि सगळी मुळाक्षरं क्रमाने होईपर्यंत तिला एकही कामाचा शब्द वाचता येत नाही. ङ आणि ञ वाचून कोणाचं काय अडलंय? ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांनी १९६३ साली आंगिकोस नावाच्या गावात मजुरांना शिकवताना त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेतले, ते शब्द तोडले आणि त्या तुकड्यांतून नवे शब्द बनवले. तिकडे तेव्हा निरक्षर माणसाला मतच नव्हतं, म्हणून त्या कामाला वजन होतं. आपल्याला इथे त्याहून सोपं आहे कारण मुंबईच्या प्रत्येक माणसाला स्टेशनं क्रमाने तोंडपाठ असतात. नाव माहीत आहे, फक्त ते दिसतं कसं हे शिकायचंय.

तर पहिलं परळ. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, तीन साधी अक्षरं. प, र, ळ. मोठं लिहा, हाताच्या पंजाएवढं. तीन चिठ्ठ्या करा, उलटसुलट ठेवा, "पळ" बनवून दाखवा.

दुसरं दादर. नवीन फक्त द आणि काना. आता दार, दादा, पदर, दर. पदर वाचला की बायका हसतात आणि पुढचं सोपं जातं.

तिसरं वडाळा. नवीन व आणि ड. आणि इथे खरी गंमत आहे, या तीन स्टेशनांतून एकूण सहा अक्षरं आणि एक काना एवढंच हातात आलंय पण त्यात डाळ होते, पाव होतो, पापड, पावडर, वादळ, वारा, परवा, वाडा. आणि वडापाव! पूर्ण वडापाव लिहिता येतो. माझा आग्रह आहे की पहिल्या आठवड्यातच शिकणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने वडापाव लिहू द्या आणि मग गाडीवरचा बोर्ड दाखवा. लगेच किराण्याची यादी करायला घ्या, डाळ, पापड, पाव, पावडर, चार ओळी झाल्या, ती यादी घेऊन दुकानात त्यांनाच पाठवा.

पुढे वेलांटी. इथे एक बारीक गोष्ट सांगते जी पुस्तकवाले करत नाहीत, दुसरी वेलांटी आधी शिकवा आणि पहिली नंतर. कारण दुसरी वेलांटी अक्षराच्या पुढे येते, कान्यासारखी, बोलतो त्याच क्रमाने. म्हणून आधी शीव. पहिली वेलांटी मात्र लिहितो अक्षराच्या अलीकडे आणि बोलतो नंतर, त्यामुळे दहिसर वाचताना नवीन माणूस हमखास "दिहसर" वाचतो. तसं वाचलं तर चूक त्याची नाही, लिपीच तशी आहे, असं सांगून टाका. दहिसर, विरार ही पहिल्या वेलांटीची. ऱ्हस्व कोण दीर्घ कोण याची चर्चा अजिबात नको, वाचताना दोन्ही सारखंच वाचायचं.

मग ठाणे मात्र्यासाठी, घाटकोपर मात्रा आणि काना दोन्ही एकत्र, मुलुंड उकार आणि अनुस्वारासाठी, नाहूर दुसऱ्या उकारासाठी. इथपर्यंत आलं की पाणी, दूध, भाजी, तारीख हे सगळं आपोआप येऊ लागतं, घाई करू नका.

जोडाक्षरं शेवटी. कल्याण सोपं, अर्धा ल दिसतो. कुर्ला अवघड, कारण रफार ल च्या डोक्यावर बसलाय पण बोलायचा आधी. प्रभादेवी मध्ये तोच र पायात गेलाय. (हे स्टेशन २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं, त्यापेक्षा हे बरं म्हणायचं.) र ची ही सगळी रूपं एका दिवसात दाखवू नका. आणि सँडहर्स्ट रोड सोडून द्या, तिथे ग्रॅज्युएट पण अडखळतात.

सराव कुठे करायचा तर लोकलमध्ये. नवीन गाड्यांच्या डब्यात "पुढील स्टेशन" असं ऐकू येतं आणि तेच नाव समोर पट्टीवर सरकत असतं, म्हणजे कानाला आणि डोळ्याला एकाच वेळी, असा मास्तर फुकटात कुठे मिळणार. स्टेशनच्या बोर्डवर वरची ओळ वाचायला सांगा, ती मराठी, कारण परळच्या बोर्डवर खाली हिंदीत परेल लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस गोंधळतो. दादरला तर तेच नाव दोनदा येतं त्यामुळे तिथे प्रश्नच नाही.

दुसरी जागा म्हणजे दुकानांच्या पाट्या. २०२२ ला कायदा बदलून छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि सुप्रीम कोर्टाने दिलेली मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली, तेव्हापासून मुंबईत रस्त्याने चालताना वाचायला भरपूर आहे. राजकारण काय व्हायचं ते होऊ दे, शिकवणाऱ्याची सोय झाली. पाट्यांवर अर्धे शब्द इंग्रजीच असतात पण देवनागरीत, मेडिकल, कटलरी, टेलर, बेकरी, आणि हे शब्द सगळ्यांच्या बोलण्यात आहेतच म्हणून पटकन ओळखू येतात. घर ते स्टेशन रोज नवीन चार-पाच पाट्या, एवढा अभ्यास पुष्कळ झाला. ज्वेलर्स सारख्या पाट्या नंतर.

लिहिण्याबद्दल थोडं. पेन्सिल धरताना बोटं आखडतात, कागद फाटेपर्यंत दाब देतात. रांगोळी काढणाऱ्या बायकांना तर मी म्हणते आधी अक्षर रांगोळीनेच काढा, त्यांच्या बोटात आधीच वळण असतं आणि लाजही वाटत नाही. पाटी मला आवडत नाही, ती बघून लहान मुलांचं वाटतं, सरळ मोठ्या रेघांची वही द्या. सुलेखन, उतारे, दहा वेळा लिही, असलं काही नको. यादी लिहायची, भिशीत कोणी किती दिले ते लिहायचं, मोबाईलमध्ये नावं स्वतः टाकायची. मोबाईलचा एक उपयोग अजून, मराठी कीबोर्डवर माईक दाबून "मी आज दादरला जाते" असं बोलायला सांगा, बोललेलं समोर उमटतं. स्वतःचं बोलणं अक्षरात दिसलं की लोक जे खूश होतात ना, आणि मग तेच सावकाश बोट ठेवून वाचायचं.

शुद्धलेखनाबद्दल तर हात जोडून सांगते, गप्प बसा. कोणी "पानी" लिहिलं तर पानी. मालवणी बोलणारी मालवणीत लिहील, खानदेशातली अहिराणीत, लिहू दे. ण आणि न वरून टोकलं की वही बंद होते आणि परत उघडत नाही, आणि टोकणाऱ्याला मात्र आपण मोठं काम केल्यासारखं वाटतं.

एक सापळा आहे पाठांतराचा. ज्यांना आरत्या, अभंग पाठ आहेत त्या पुस्तकावर बोट फिरवत फडाफडा म्हणतात आणि आपल्याला वाटतं आलं वाचायला. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा हा कुठला. आला नाही तरी हरकत नाही, पाठ असलेलं म्हणत म्हणत तिथपर्यंत यायचं आणि शब्द जुळवायचा, हा पण शिकण्याचा मस्त मार्ग आहे. आणि मोठ्याने वाचता आलं म्हणजे समजलं असंही नाही, म्हणून वाचून झाल्यावर दर वेळी एक प्रश्न विचारा, बिल कधीपर्यंत भरायचं, मीटिंग कुठे आहे.

वेळ म्हणाल तर दुपारची, सकाळची कामं उरकून संध्याकाळची सुरू व्हायच्या मध्ये, अर्धा तास पुरे. मे महिन्यात गावी जातील, गणपतीत जातील, पावसात येणार नाहीत, मग परत आल्यावर "विसरलात ना सगळं" असं म्हणायचं नाही, परळपासून परत सुरू. वयाचं कोणी काढलं तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे तिथलं सांगा, ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून दप्तर घेऊन यायच्या. आणि हे काही आजचं नाही, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ लाच पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

सर्टिफिकेट हवं असेल तर सरकारचा उल्लास कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७ असा, १५ वर्षांवरच्या कोणालाही, आणि शिकवणारा पण स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवू शकतो, म्हणजे तुम्हीच. शेवटी १५० मार्कांची चाचणी असते, वाचन, लेखन, हिशोब प्रत्येकी ५०. जवळच्या पालिका शाळेत चौकशी करा. पुढे कोणाला हौस आली तर मुंबईत रात्रशाळा आहेत. पण सर्टिफिकेटसाठी मागे लागू नका, काही जणींना फक्त बसचा नंबर हवा असतो, तो आला की त्या येणं बंद करतात. करू द्या. नातीची शाळा सुरू झाली की परत येतात.

मराठी जमल्यावर थोडं इंग्रजी लागतंच कारण गोळ्यांच्या पाकिटावर मराठी क्वचितच असतं. एबीसीडी सगळी नको, एक्सपायरीची तीन अक्षरं आणि त्यापुढचा महिना-वर्ष एवढं ओळखायला शिकवा. बँकेच्या मेसेजमध्ये पैसे आले की सी ने सुरू होणारा शब्द असतो, गेले की डी ने, ही दोन अक्षरं पुरतात. आणि यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे तर वाचता येत नसलं तरी आजच सांगून ठेवा.

सही जमायला लागली की लगेच सगळीकडे करू देऊ नका. बँकेत अंगठा दिलेला असेल तर आधी शाखेत जाऊन सही बदलायचा फॉर्म भरावा लागतो, आधार आणि फोटो घेऊन जा, नाहीतर विड्रॉलची स्लिप परत येते आणि माणूस बिचारा म्हणतो अंगठाच बरा होता.

आणि शेवटचा धडा वाचायचा नाही, बोलायचा आहे. कोणी कागद पुढे करून "इथे सही करा" म्हटलं की "मी घरी नेऊन वाचते, उद्या देते" हे वाक्य मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस घ्या. तुम्ही एजंट व्हा, घाई करा, "अहो मावशी साधा फॉर्म आहे, सगळ्यांनी केलंय" म्हणा, आणि त्यांना तेच वाक्य परत म्हणायला लावा. कागद देत नसेल तर मोबाईलवर सगळ्या पानांचा फोटो काढायचा, मागच्या बाजूचा पण, बारीक अक्षरातलं बहुतेक मागेच असतं.